'विलीनीकरणविरोधी' : एका शब्दाचा अर्थ आणि उगम

प्रास्ताविक

एखाद्या प्रदेशाने शेजारच्या मोठ्या प्रदेशात सामावून जाण्यास नकार दिला, तर त्या नकाराला आणि नकार देणाऱ्याला मराठीत काय म्हणावे? आज या अर्थाने 'विलीनीकरणविरोधी' हा शब्द रूढ आहे. गोव्याच्या १९६७ च्या जनमत कौलाविषयीच्या मराठी लेखनात तो सातत्याने आढळतो. शब्द सरळ, संस्कृतोद्भव आणि अर्थाला पारदर्शक आहे. त्यामुळे त्याची वेगळी चिकित्सा करण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. मात्र हा शब्द ज्या क्रियेला विरोध दर्शवितो, त्या क्रियेचे नाव कोणी ठेवले, असा प्रश्न विचारला की त्याची पारदर्शकता संशयास्पद ठरते. प्रदेश सामावून घेण्याच्या क्रियेसाठी मराठीने वेळोवेळी वापरलेले शब्द बहुतांशी सामावून घेणाऱ्याच्या बाजूने घडलेले आहेत. विरोध करणाऱ्याच्या वाट्याला केवळ 'विरोधी' हे उत्तरपद आले आहे. प्रस्तुत लेखात या शब्दाचा अर्थ, त्याची पूर्वपीठिका आणि त्याच्या वापरातील विसंगती यांचा विचार केला आहे.

१. 'विलीनीकरणा'पूर्वीची परिभाषा

गोदावरीकाठचे कोपरगाव इतिहासात रघुनाथराव पेशव्यांच्या नावाशी जोडलेले आहे. सालबाईच्या तहानंतर (१७८२) त्यांनी येथे वास्तव्य केले आणि १७८३ मध्ये येथेच त्यांचा मृत्यू झाला. या वास्तव्याच्या मागे प्रदेश देण्याघेण्याचाच व्यवहार होता. मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहाने रघुनाथरावांनी पेशवाईच्या गादीसाठी इंग्रजांचे साहाय्य मागितले आणि त्या बदल्यात साष्टी व वसई देण्याचे मान्य केले. पुढील सात वर्षांच्या संघर्षानंतर सालबाईच्या तहात वसई मराठ्यांकडे राहिली, साष्टी मात्र इंग्रजांकडेच गेली.

या व्यवहारासाठी मराठीत 'मुलूख तोडून देणे' असा वाक्प्रचार आहे. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. येथे क्रियेचा कर्ता देणारा आहे आणि 'तोडणे' या क्रियापदात जखमेची जाणीव आहे. मुलूख ज्याच्याकडे गेला त्याच्या दृष्टीने तो 'जोडला' गेला, पण भाषा ज्याचा गेला त्याच्या बाजूने बोलते. रघुनाथरावांच्या विरोधात उभे राहिलेले मुत्सद्दी 'बारभाई' या नावाने ओळखले जातात. त्यांचा विरोध मुळात नारायणरावांच्या १७७३ मधील खुनानंतरच्या सत्ताग्रहणाला होता आणि सुरतेच्या तहानंतर त्याला प्रदेश राखण्याचेही परिमाण लाभले. तरीही त्यांचे नाव कोणत्याही विरोधातून घडलेले नाही. ते एकत्र येण्यातून घडले आहे. त्याला जोडले जाणारे 'कारस्थान' हे पद अर्थातच वेगळी छटा आणते, पण मूळ नाव नकारात्मक नाही. विरोधकाला त्याच्या नकारावरून ओळखण्याची पद्धत मराठीत पूर्वापार नव्हती, एवढे यावरून म्हणता येते.

२. 'खालसा' : महसुलातून राजकारणात

एकोणिसाव्या शतकात या परिभाषेत मोठा बदल घडून आला. लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत (१८४८–१८५६) सातारा, झाशी, नागपूर ही राज्ये औरस वारस नसल्याच्या कारणावरून आणि अयोध्या गैरकारभाराच्या कारणावरून कंपनीच्या अमलाखाली आणली गेली. या घटनांना मराठीत 'संस्थाने खालसा करणे' असे म्हणतात. शालेय क्रमिक पुस्तकांपासून इतिहासग्रंथांपर्यंत हाच शब्द वापरला जातो.

'खालसा' हा शब्द मूळचा अरबी, 'शुद्ध, निर्भेळ' या अर्थाचा. मोगल राज्यव्यवस्थेत ज्या जमिनीचा महसूल जहागीरदाराकडे न जाता थेट सरकारी खजिन्यात जमा होई, ती जमीन खालसा. मधला वाटेकरी नाही म्हणून ती 'निर्भेळ'. १६९९ मध्ये गुरू गोविंदसिंग यांनी स्थापन केलेल्या खालसा पंथाच्या नावातही हाच मूळ शब्द आहे. मराठी महसुली व्यवहारात इनाम, जहागीर, वतन या शब्दांच्या विरुद्ध टोकाला 'खालसा' हा शब्द येतो. इनाम खालसा झाले, म्हणजे दिलेली देणगी देणाऱ्याने परत घेतली.

हा अर्थ ध्यानात घेतला की 'सातारा खालसा झाले' या वाक्यातील गर्भितार्थ उघड होतो. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने कंपनीने प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याचे राज्य वंशपरंपरेने दिले होते. हे राज्य आपणच निर्माण केले, सबब वारसाअभावी ते आपल्याकडे परत येते, असा डलहौसीचा युक्तिवाद होता. 'खालसा' या शब्दात हाच युक्तिवाद आधीच मान्य केलेला आहे, कारण जे मुळात आपले नव्हते ते खालसा करता येत नाही.

साताऱ्याची बाजू याच्या नेमकी उलट होती. १८३९ मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला पाठविण्यात आले. त्यांचे प्रतिनिधी रंगो बापूजी गुप्ते यांनी लंडनमध्ये दीर्घकाळ राहून छत्रपतींची बाजू मांडली. ते तेथे असतानाच आप्पासाहेब (शहाजी) महाराजांचे एप्रिल १८४८ मध्ये निधन झाले, त्यांचे दत्तकविधान नाकारण्यात आले आणि राज्य संपुष्टात आले. रंगो बापूजींच्या कामाचे अधिष्ठान तह हे होते. तह दोन पक्षांत होतो, देणगीचे तसे नसते. त्यांना मराठी इतिहासाने 'छत्रपतींचे वकील' म्हटले, 'खालसाविरोधी' कोणी म्हटले नाही. 'वकील' या संज्ञेत मागे उभ्या असलेल्या एका पक्षाचे अस्तित्व गृहीत धरलेले आहे. अशा रीतीने एकाच घटनेविषयी दोन शब्दांतून दोन परस्परविरोधी भूमिका मराठीत नांदत आल्या आहेत. 'वकील' हा शब्द सातारा हा एक पक्ष होता असे सांगतो, तर 'खालसा' हा शब्द ती एक देणगी होती असे सांगतो. आजच्या वाचकाच्या मनात 'खालसा' म्हणजे 'हिरावून घेतलेले' एवढाच अर्थ उरला आहे हे खरे. तथापि इतिहासाच्या अध्यापनात मूळ अर्थ सांगितला गेला, तर विद्यार्थ्याला डलहौसीचे धोरण आणि त्यावरील आक्षेप दोन्ही अधिक नेमके कळतील.

३. 'विलीनीकरण' : व्युत्पत्ती आणि अर्थच्छटा

१९४७ नंतर संस्थानांच्या संदर्भात दोन शब्द प्रचारात आले. 'सामीलनामा' हा दस्तऐवज संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण या तीन विषयांपुरता होता आणि त्यावर सही केल्यानंतरही संस्थान उरत होते. त्यानंतरचा टप्पा 'विलीनीकरणा'चा. दक्षिणी संस्थाने ८ मार्च १९४८ रोजी आणि कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाली. या टप्प्यानंतर संस्थान उरले नाही. 'सामील' म्हणजे अंतर्भूत आणि 'विलीन' म्हणजे विरघळलेले, हा अर्थभेद आणि कायद्यातील भेद येथे तंतोतंत जुळतात.

'विलीन' हे 'ली' या धातूपासून 'वि' उपसर्ग लागून सिद्ध झालेले रूप आहे. लय, विलय, तल्लीन हे शब्द त्याच कुळातील. मराठी मनाला या शब्दाची ओळख राजकारणातून झालेली नाही. जीव परब्रह्मात विलीन होतो, नदी सागरात विलीन होते, आणि मृत्यूची वार्ता देताना 'अनंतात विलीन' असे आपण म्हणतो. एकाच शब्दात परमानंद आणि नाश या दोन्ही छटा आहेत. कोणती छटा जाणवेल हे ऐकणारा सागराच्या बाजूला उभा आहे की नदीच्या, यावर अवलंबून राहते.

व्याकरणाच्या दृष्टीने दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली, 'विलीनीकरण' हा च्वि प्रत्ययाचा प्रयोग आहे. संस्कृत व्याकरणात हा प्रत्यय 'अभूततद्भाव', म्हणजे जे पूर्वी तसे नव्हते ते तसे होणे किंवा करणे, या अर्थी येतो. जे विलीन नव्हते ते विलीन करणे म्हणजे विलीनीकरण. पूर्वीचे वेगळेपण हा शब्द स्वतःच मान्य करतो. दुसरी गोष्ट विभक्तीची. 'अमुकाचे तमुकात विलीनीकरण' अशी वाक्यरचना होते आणि सप्तमीत नेहमी मोठा घटक येतो. 'एकीकरण' या शब्दाला अशी सप्तमी लागत नाही. तेथे दोन्ही घटक बदलतात, येथे एकच बदलतो.

म्हणून 'विलीनीकरण' हा शब्द मुळातच दूषित आहे असे मात्र नव्हे. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळातील एस.टी. कर्मचाऱ्यांच्या संपाची प्रमुख मागणी महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण करावे हीच होती. तेथे लहान घटकातील माणसे स्वतःच विलीन होऊ इच्छित होती आणि तो शब्द त्यांच्या तोंडी आशेचा होता. शब्दाची नैतिक छटा अशा रीतीने तो कोण उच्चारतो यावर ठरते.

४. गोव्याचा जनमत कौल

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला. डिसेंबर १९६३ च्या निवडणुकीनंतर दयानंद बांदोडकर यांच्या नेतृत्वाखालील महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा ही त्या पक्षाची भूमिका होती. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या नेतृत्वाखालील युनायटेड गोवन्स पक्षाचा त्यास विरोध होता. अखेर १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि केंद्रशासित प्रदेश राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली. फरक ३४,०२१ मतांचा होता.

या मतदानाला मराठीत 'जनमत कौल' म्हटले गेले. 'कौल' हा शब्द गोमंतकीय माणसाला विशेष जवळचा आहे. देवाच्या मूर्तीला पाकळ्या लावून त्याचा कौल घेण्याची प्रथा तेथील देवळांत आहे. कौल घेताना दोन बाजू मांडल्या जातात आणि त्या दोन्ही खऱ्या पर्याय असतात. मतपत्रिकेची रचनाही अशीच होती. विलीनीकरणासाठी 'फूल' आणि केंद्रशासित प्रदेशासाठी 'दोन पाने' अशी चिन्हे होती. मतदाराला 'विलीनीकरण हवे की नको' असे विचारलेले नव्हते. दोन होकारांपैकी एक निवडण्यास सांगितले होते. दोन पानांवर मत देणाऱ्याने शासकीय दृष्ट्या कशालाही 'विरोध' नोंदविला नाही, त्याने एका स्थितीला मान्यता दिली.

असे असताना त्या बाजूला 'विलीनीकरणविरोधी' हे नाव कायम झाले. त्याचा एक परिणाम असा की, तो विरोध मराठीला होता असा समज महाराष्ट्रात दीर्घकाळ राहिला. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. विलीनीकरणाच्या विरोधातील प्रभावी दैनिकांपैकी एक, चंद्रकांत केणी यांच्या संपादकत्वाखालील 'राष्ट्रमत', हे मराठी दैनिक होते. उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे गाजलेले सदर त्यातच मराठीतून प्रसिद्ध होत होते. मराठीत विलीन होण्याचा प्रश्न असता, तर त्याविरुद्धचा युक्तिवाद मराठीत इतक्या ताकदीने उभा राहिला नसता. मनोहरराय सरदेसाई, उल्हास बुयांव यांसारख्यांनी कोंकणी गीतांतून जी जागृती केली, तिचा आशयही नकारापेक्षा गोंयकारपणाच्या स्वीकाराचा होता. पुढे ३० मे १९८७ रोजी गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला. १६ जानेवारी हा दिवस गोव्यात 'अस्मिताय दीस' म्हणून पाळला जातो, 'विरोध दिन' म्हणून नव्हे. पराभूत बाजूविषयीही न्याय्य असणे आवश्यक आहे. विलीनीकरणाच्या मागणीमागे बहुजन समाजाच्या शिक्षणाच्या, जमिनीवरील हक्काच्या आणि सामाजिक समतेच्या आकांक्षा होत्या, आणि त्या पक्षाने स्वतःचे नाव 'महाराष्ट्रवादी' असे होकारार्थीच ठेवले होते. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी स्वतःला होकारार्थी नावे दिली, परंतु मराठी इतिहासलेखनात त्यांपैकी एकाच बाजूचे नाव नकारार्थी होऊन शिल्लक राहिले.

५. सीमाभाग : त्याच भाषेची दुसरी परिभाषा

गोव्याच्या बाबतीत 'विरोधी' हा शब्द सहज वापरणारी मराठी भाषा बेळगावच्या बाबतीत कसे बोलते, हे पाहणे उद्बोधक आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत बेळगाव, खानापूर, निपाणी आदी मराठीबहुल भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. तेथील मराठी भाषकांनी हा समावेश मान्य केला नाही. १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाचा १९६७ मधील अहवाल महाराष्ट्राला मान्य झाला नाही आणि २००४ मध्ये महाराष्ट्र शासनाने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.

तार्किक दृष्ट्या बेळगावचा मराठी माणूसही एका समावेशाला विरोध करणारा आहे. परंतु त्याला मराठीत 'समावेशविरोधी' असे कोणी म्हणत नाही. तो 'सीमावासी' किंवा 'सीमाबांधव' आहे, त्याचा लढा 'सीमालढा' आहे आणि त्याच्या संघटनेचे नाव 'महाराष्ट्र एकीकरण समिती' असे आहे. येथे नकाराचे रूपांतर नात्याच्या आणि ऐक्याच्या भाषेत झाले आहे. हे रूपांतर अयोग्य नाही, उलट ज्याने नकार दिला त्याला त्याच्या इच्छेवरून ओळखण्याची ती रास्त पद्धत आहे. प्रश्न एवढाच की, १९६७ मध्ये सागरकिनारी राहणाऱ्यांना जे नाकारले गेले, ते सीमेवर राहणाऱ्यांना कसे दिले गेले? उत्तर अप्रिय असले तरी स्पष्ट आहे. एका ठिकाणी मराठी भाषा सामावून घेणाऱ्याच्या जागी उभी होती, दुसऱ्या ठिकाणी सामावून घेतल्या जाणाऱ्याच्या जागी.

६. 'हद्दवाढ' : गावपातळीवरील रूप

हा प्रश्न राज्यांपुरता मर्यादित नाही. महानगरपालिकांच्या सीमा वाढतात तेव्हा लगतच्या ग्रामपंचायती संपुष्टात येतात. या क्रियेला 'हद्दवाढ' म्हणतात. वाढ ही शहराची होते, गावाच्या बाजूने या घटनेला नावच नाही. कोल्हापूर महानगरपालिका १९७२ मध्ये स्थापन झाल्यानंतर हद्दवाढीचा प्रश्न लगतच्या गावांच्या विरोधामुळे वर्षानुवर्षे गाजत राहिला. पुणे महानगरपालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे घेण्यात आली. त्यानंतर या गावांना 'समाविष्ट गावे' हे नाव मिळाले. पाणी, रस्ते, कर यांविषयीच्या प्रत्येक चर्चेत ते त्यांच्यामागे येते. २०२४ मध्ये फुरसुंगी व उरुळी देवाची ही गावे महापालिकेतून वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. या प्रक्रियेला भाषेने दिलेले क्रियापद आहे 'वगळणे'. गाव स्वतःकडे परत आले असे न म्हणता शहराने ते वगळले असे म्हटले जाते. येणे आणि जाणे या दोन्ही वेळी वाक्याचा कर्ता शहरच राहतो.

७. एक तुलना

अन्य भाषांतही हाच पेच आढळतो. अमेरिकेने हवाई बेटे आपल्या राज्यात जोडून घेण्याचा करार १८९७ मध्ये पुढे आणला, तेव्हा तेथील मूळ रहिवाशांनी विरोधाचे अर्ज सादर केले आणि त्यांवर २१,००० हून अधिक सह्या झाल्या. तो करार बारगळला, पण १८९८ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या ठरावाने बेटे जोडली गेली. या अर्जांच्या संदर्भात हवाईयन भाषेतील 'कूए' हा शब्द आजही आदराने उच्चारला जातो. त्याचा अर्थ विरोध करणे, विरुद्ध उभे राहणे असा आहे. सह्या गोळा करणाऱ्या संघटनेचे नाव मात्र 'हुई आलोहा आइना', म्हणजे भूमीवर प्रेम करणाऱ्यांचा संघ, असे होते. कृतीसाठी नकाराचा शब्द आणि स्वतःसाठी प्रेमाचा शब्द, हा विवेक त्या भाषेने पाळला.

समारोप

नकारार्थी संज्ञा नेहमीच कमीपणा आणते असे नाही. 'युद्धविरोधी', 'अस्पृश्यताविरोधी' या संज्ञा सन्मानाच्याच आहेत, कारण ज्याला विरोध आहे ते अनिष्ट असल्याचे शब्दातच मान्य आहे. 'विलीनीकरणविरोधी' या संज्ञेत तसे घडत नाही. तिचे पूर्वपद ऐक्याची आणि अध्यात्माची पुण्याई घेऊन येते. परिणामी त्याला विरोध करणारा ऐक्याचाच विरोधक भासतो. दोष 'विरोधी' या उत्तरपदाचा नाही. पूर्वपद एका पक्षाने घडविलेले असून ते तटस्थ असल्यासारखे वापरले जाते, हा खरा दोष आहे.

यावर उपाय म्हणून नवा पारिभाषिक शब्द घडविण्याची आवश्यकता नाही. मराठीत कृत्रिम परिभाषेची उणीव नाही. विशिष्ट मतदान, ठराव किंवा कृती यांचे वर्णन करताना 'विलीनीकरणविरोधी' हा शब्द अवश्य वापरावा. माणसांना, पक्षांना आणि चळवळींना मात्र त्यांनी स्वतः घेतलेल्या नावाने ओळखावे. रंगो बापूजी वकील होते, दोन पानांवर मत देणारे गोंयकार होते, बेळगावचे मराठी भाषक एकीकरणवादी आहेत. इतिहास व राज्यशास्त्र यांच्या अध्यापनात 'खालसा', 'विलीनीकरण', 'हद्दवाढ' हे शब्द आले की ते कोणाच्या बाजूने घडले आहेत, हा प्रश्न वर्गात उपस्थित करणे एवढेच पुरेसे आहे. तो विचारला गेला, तर बेळगावविषयी हळवे होणाऱ्या विद्यार्थ्याला पणजीच्या १६ जानेवारीचाही अर्थ कळू शकेल. एका प्रदेशाला जो न्याय मागायचा, तोच दुसऱ्या प्रदेशाला देण्याची तयारी भाषेने दाखविली पाहिजे.